एक कुत्री, दोन घरं: हरवलेली राणी सापडल्यावर पुढे काय झालं

ही केस हरवलेली जनावरं शोधायला मदत करणाऱ्या आमच्या ग्रुपकडे आली तेव्हा राणीला हरवून आठेक महिने झालेले. नावं बदललीत, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत, आणि दोन्ही घरांना विचारूनच लिहितोय. हरवलेलं कुत्रं सापडलं की विषय संपला असं आपल्याला वाटतं, फोटो टाकायचा, लोकांनी हार्ट द्यायचे, झालं. इथे सापडल्यावर खरी डोकेदुखी सुरू झाली.

पार्श्वभूमी

राणी मिक्स ब्रीड, मध्यम बांध्याची, वय सहा-सात, आणि पहिल्यापासूनच बुजरी. कोणी हात वर केला तरी दबून बसायची, आणि तिला कधी कुणी मारलं होतं म्हणून नाही, स्वभावच तसा. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे यावरूनच सगळा घोळ झालाय.) तिचे मालक काका-काकू (मी तसंच म्हणतो), त्यांनी तिला पिल्लू असताना आणलं. कातडीखालची ओळखीची चिप काकूंनी बसवून घेतली, त्यामुळे नोंदणी काकूंच्या नावावर आणि काकूंच्या मोबाइल नंबरवर. पुढे काकू गेल्या, काही महिन्यांनी त्यांचा नंबर बंद केला. चिपच्या नोंदीला कोणी हातच लावला नाही, आणि खरं सांगायचं तर कोण लावणार, घरात माणूस गेल्यावर बँक, कागदपत्रं, वारस, सह्या यातच सगळे बुडालेले असतात, कुत्र्याची चिप त्या यादीत कुठून येणार.

त्यानंतर घरात काका आणि राणी दोघंच. तिला फिरवायचं म्हणून सकाळी उठायचं, तिला खायला घालायचं म्हणून स्वयंपाकघरात जायचं, मग स्वतःचंही काहीतरी होऊन जायचं. काका एकदा म्हणाले, "तिच्याशी बोललो तर कोणी काही म्हणत नाही, भिंतीशी बोललो असतो तर सगळे आले असते समजवायला."

मग काकांचं ऑपरेशन ठरलं आणि राणीला भाच्याकडे ठेवलं. मुलगा चांगला, जीव लावणारा, पण कुत्र्यांची सवय नाही. झोपताना तिला टोचेल म्हणून रात्री पट्टा काढून ठेवायचा, आणि काकांचा नंबर असलेला टॅग त्या पट्ट्यालाच. राणीला तिथे जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील, रात्री विजा-गडगडाट सुरू झाला, कोणीतरी दार उघडलं, आणि ती पायांमधून निसटली. अनोळखी घर, अनोळखी एरिया, गळ्यात काही नाही.

शोध कसा झाला

भाच्याने जे केलं ते दहापैकी नऊ जणांनी केलं असतं. बाइकवरून मोठमोठ्याने हाका मारत फिरला, दुसऱ्या दिवशी मित्र गोळा केले. ती दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा पाच-सहा जण तिच्याकडे धावले. घाबरलेलं बुजरं कुत्रं अशा वेळी कोणाचंच नसतं, ओळखीच्या माणसालाही ते धोका समजून पळतं, आणि मागे माणसं लागली की आणखी लांब जातं. तिथे खरं तर एकट्याने जमिनीवर बसायचं असतं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोळ्याला डोळा न देता, जवळ वासाचं खाणं टाकून, हाक न मारता. जिथे दिसली तिथे मालकाचा वापरलेला कपडा आणि पाणी ठेवायचं आणि रोज त्याच वेळेला यायचं. कंटाळवाणं काम आहे पण चालतं. पाठलागामुळे राणीने मोठा रस्ता ओलांडला आणि ज्या भागात सगळे शोधत होते त्याच्या बाहेर गेली.

पोस्टरवर फोटो लहान आणि खाली बारीक अक्षरात अख्खा परिच्छेद, चालत्या माणसाला वाचता येणार नाही असा. त्यात एक फसवणुकीचा फोन आला, "कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा." भाच्याने आत्ताचा फोटो मागितल्यावर समोरचा गायब. हे एक त्याने बरोबर केलं.

काकांना सांगायचं की नाही

माझ्या मते या केसमधला पहिला मोठा निर्णय हा. घरच्यांनी ठरवलं की काका घरी येईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही, हॉस्पिटलमध्ये टेन्शन नको. जवळपास तीन आठवडे "राणी मजेत आहे" असंच सांगत राहिले. मी त्यांना दोष देत नाही, त्या जागी माझ्या घरचेही कदाचित तेच करतील. पण त्याची किंमत बघा. राणी शिट्टीला घाबरते हे फक्त काकांना माहीत होतं, आणि शोधणारी पोरं शिट्ट्या मारत फिरत होती. वाटी वाजवली की ती कुठूनही येते हेही काकांनाच माहीत. चिपचा कागद कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे हेही. म्हणजे ज्याच्याकडे सगळी माहिती होती त्यालाच शोधाच्या बाहेर ठेवलं गेलं, आणि तेही नेमके जे दिवस महत्त्वाचे होते तेव्हा. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्व्हेत हरवलेली ९३ टक्के कुत्री परत मिळाल्याचं दिसलं होतं आणि त्यातली जवळपास निम्मी आसपासचा परिसर पालथा घालून. म्हणजे शोधण्यात अर्थ असतो, पण काय माहिती घेऊन शोधताय यावर बरंच अवलंबून.

काका घरी आले, त्यांना कळलं, आणि ते भाच्यावर चिडलेसुद्धा नाहीत. नुसते गप्प झाले. लोक म्हणायचे "दुसरं आणू की." माणूस किंवा जनावर गेलं असं नक्की कळलं तर रडता तरी येतं, इथे गेली म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर कुठे. पॉलिन बॉस नावाच्या अभ्यासक बाईंनी बेपत्ता माणसांच्या कुटुंबांबद्दल १९७० च्या दशकापासून याच अवस्थेवर काम केलंय, अनिश्चित वियोग म्हणू या. जनावराच्या बाबतीत हे दुःख कोणी मोजतच नाही एवढाच फरक. काका आठ महिने रात्री बाहेरचा दिवा चालू ठेवत होते.

दुसरं घर

साधारण दोन आठवड्यांनी, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, अर्धवट बांधकामाच्या मागे एका ताईंना राणी दिसली. हाडं वर आलेली, अंगभर गोचीड, हात पुढे केला की जमिनीला चिकटायची. ताई, त्यांचा नवरा (दादा म्हणतो मी) आणि नऊ वर्षांची मुलगी. तिघांनी दोन दिवस खपून तिला घरी आणलं. निष्कर्ष तिथेच निघाला: कोणीतरी हिला मारून सोडून दिलंय.

असं वाटणं साहजिक आहे, मलाही फोटो बघून तेच वाटलं असतं. पण दोन आठवडे रस्त्यावर काढलेलं कुठलंही लाडाचं कुत्रं असंच दिसतं, आणि दबून बसणं म्हणजे मार खाल्लेला असणं असं नसतं, हे वर सांगितलंच. एकदा "आधीचा मालक वाईट" हे मनात बसलं की मालक शोधायची इच्छा आपोआप कमी होते. तरी ताईंनी बरंच केलं. डॉक्टरांकडे नेली, स्कॅन करून घेतलं, चिप सापडली नाही. आपल्या एरियाच्या ग्रुपवर फोटो टाकला, आठवडाभर वाट पाहिली, कोणी आलं नाही. मग ठेवून घेतली. नाव कोको. मुलगी आधी अंधाराला घाबरायची ती कोको खोलीत असेल तर एकटी झोपायला लागली.

मग सात-आठ महिन्यांनी दातांच्या कामासाठी दुसऱ्या क्लिनिकमध्ये नेली, तिथल्या डॉक्टरांनी सवयीने स्कॅनर फिरवला आणि पुढच्या पायाच्या कोपराजवळ तो वाजला.

थोडं चिपबद्दल, कारण यावर गैरसमज फार. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, बॅटरी नसते, जीपीएस तर अजिबात नाही, कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर जवळ आणला की फक्त एक नंबर देते, आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये १५ अंकी. नंबरच्या पुढचं सगळं नोंदणीत असतं. बसवतात खांद्यांच्या मध्ये पण वर्षानुवर्षांत ती सरकू शकते, म्हणून मानेपासून दोन्ही खांदे, छातीच्या बाजू, पुढचे पाय असं हळूहळू फिरवायचं असतं, एकदा नाही तर दोनदा. शिवाय फ्रीक्वेन्सीचा प्रश्न असतो, मानक चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते, काही जुन्या १२५ किंवा १२८ वर, आणि प्रत्येक स्कॅनर सगळ्या वाचतोच असं नाही. पहिल्या वेळी नेमकं काय चुकलं ते आता शोधून उपयोग नाही. "चिप नाही" आणि "चिप सापडली नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत एवढंच.

अडचण

नंबर मिळाला, नोंदणी मिळाली, फोन लावला तर बंद. अगदी नेहमीची गोष्ट. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ५३ शेल्टरांमधल्या चिप असलेल्या जनावरांचा अभ्यास झाला होता, त्यात चिप असलेली कुत्री परत जाण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास होतं, तर शेल्टरांत येणाऱ्या एकूण भटक्या कुत्र्यांमध्ये ते २२ टक्के. पण जिथे मालक सापडलाच नाही तिथलं सगळ्यात मोठं कारण, ३५ टक्के केसेसमध्ये, चुकीचा किंवा बंद फोन नंबर.

क्लिनिकने ताईंच्या परवानगीने आम्हाला कळवलं. आणि दादांनी पहिल्याच फोनवर विचारलं, "ज्यांनी हिला या अवस्थेत सोडलं त्यांना शोधून काढायचं? कशासाठी?" ताई गप्प होत्या. इथे सगळं थांबू शकलं असतं. फोन बंद, आम्ही प्रयत्न केला, विषय संपला, आणि कोणी बोट दाखवलं नसतं. ताईंनी दोन दिवस घेतले आणि म्हणाल्या, "शोधा. नाही शोधलं तर मला रोज तिच्याकडे बघताना आठवेल."

आमच्याकडे हरवलेल्यांच्या जुन्या पोस्ट आम्ही डिलीट करत नाही. तारीख आणि वर्णन लावून मागे गेलो तर भाच्याची पोस्ट सापडली, "डाव्या कानाला आतून चीर" असं लिहिलेलं. चिपचा नंबर त्यात नव्हता, असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

खात्री कशी केली

भाच्याला फोन केला तेव्हा फोटो पाठवला नाही, काही सांगितलंही नाही, आधी त्यांना विचारलं. हा नियम कधीच मोडू नये, कारण फोटो बघून "हो हीच आमची" म्हणणारे बरेच भेटतात, काही खोटे आणि काही बिचारे आशेने आंधळे झालेले. काकांनी ड्रॉवरमधला कागद काढला, १५ अंक वाचून दाखवले. लसीकरणाची वही होती, पिल्लू असल्यापासूनचे फोटो होते, पोटाखालचा मस त्यांनी न विचारता सांगितला. शंका उरली नाही. चिपची नोंद म्हणजे कायद्याने मालकीच असं सगळीकडे नसतं, म्हणून बाकीचे पुरावे एकत्र बघायचे असतात.

पर्याय

तीन होते. काकांकडे परत. ताईंकडेच राहू द्यायची आणि काकांनी भेटायला यायचं. किंवा आलटून पालटून दोन्हीकडे.

आमच्या ग्रुपमध्ये यावर अक्षरशः भांडणं झाली. एका बाजूचं म्हणणं, काकांचं वय, ऑपरेशन, एकटे, उद्या परत काही झालं तर? तिकडे तरुण घर, मूल, आणि कुत्री रुळलेली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, काकांनी तिला कधी सोडलंच नव्हतं, आजारी पडणं हा गुन्हा नाही. मी दुसऱ्या बाजूला होतो, अजूनही आहे. "आता आमचा जीव जडलाय" हे मालकी बदलायला पुरेसं कारण धरलं तर सापडलेलं जनावर स्कॅन करायला कोणी नेणारच नाही, कारण स्कॅन केलं की जाण्याची भीती.

पण ताईंच्या घरातलं नातं खोटं किंवा हलकं होतं असं म्हणणाऱ्यांशीही मी भांडलो. हंगेरीत २००१ मध्ये शेल्टरमधल्या कुत्र्यांवर प्रयोग झाला होता, एका अनोळखी माणसासोबत दहा-दहा मिनिटांच्या फक्त तीन भेटी झाल्या तरी ती कुत्री त्या माणसाशी ओढ दाखवायला लागली. इथे तर आठ महिने होते. आणि नवी ओढ लागली म्हणून जुनी पुसली जाते असंही काही नाही.

कोणीतरी सुचवलं की दोघांना मैदानात उभं करू, ती कोणाकडे जाते बघू. मी याला साफ नकार दिला. सिनेमात छान दिसतं. प्रत्यक्षात घाबरट कुत्रं नव्या जागी ज्याच्यासोबत आलं त्यालाच चिकटतं, त्यावरून घर ठरवायचं म्हणजे नाणं उडवणंच झालं, आणि हरणाऱ्या माणसाला ते आयुष्यभर पुरतं.

भेट आणि निर्णय

काकांची वापरलेली शाल दोन दिवस आधी ताईंकडे पाठवली. कुत्र्यांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आलाय, त्यात ओळखीच्या माणसाच्या वासाला आनंदाशी जोडलेला भाग सगळ्यात जास्त प्रतिसाद देत होता, म्हटलं वास आधी पोचू दे. ताई सांगत होत्या, शाल पिशवीतून काढल्यावर तिने नाक खुपसलं आणि मग घरभर फिरून सगळी दारं हुंगत बसली. दादा त्या संध्याकाळनंतर आमच्याशी नीट बोलायला लागले.

भेट मोकळ्या जागी, मोजकी माणसं, व्हिडिओ काढायचा नाही. राणीने उड्या मारल्या नाहीत. थांबली, हुंगलं, काकांभोवती फिरली, मग मुलीकडे गेली, परत आली आणि काकांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली, परत मुलीकडे. काका म्हणाले, "तिकडे सुखात आहे ना, राहू दे." सगळे हळवे झाले, आणि मला तेव्हा तो निर्णय मान्य करायचा नव्हता, कारण भरल्या गळ्याने घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी टिकत नाही. आठवडाभर थांबायचं ठरलं. त्या आठवड्यात ताईंनीच काकांना फोन करून अगदी रोखठोक विचारलं, सकाळी कोण फिरवणार, तुम्हाला किती चालायला परवानगी आहे, रात्री काही झालं तर कोण येणार. काकांकडे उत्तरं होती, भाच्याने संध्याकाळची फेरी स्वतःकडे घेतली.

मग लिहून काढलं. महिनाभर काकांकडे, नंतर परत बसायचं. काकांना जमेनासं झालं तर पहिला फोन ताईंना, इतर कुठेही नाही. चिपची नोंद त्याच दिवशी बदलायची. आठवड्यातून दोन दिवस ताईंकडे.

काय झालं

शेवटची अट फसली. दर वेळी घर बदललं की राणी दोन दिवस खायची नाही, आत लघवी करायची. तीन-चार आठवड्यांत कळलं की हा न्याय माणसांना बरा वाटतोय, कुत्रीला नाही. मग उलटं केलं, राणी काकांकडेच, ताईंचं घर तिकडे भेटायला येणार.

मुलगी आली नाही. दोन महिने आली नाही. आईने कोको मला ठेवू दिली नाही, देऊन टाकली, असं ती म्हणायची. सगळ्यांनी सुचवलं की तिला दुसरं कुत्रं आणा, काकांनीसुद्धा. ताईंनी नाही आणलं. "तिला राग येऊ दे, तिचा हक्क आहे" एवढंच म्हणाल्या, आणि मला ते फार पटलं. नंतर ती यायला लागली, आधी फक्त दारापर्यंत. काका तिच्यासमोर राणीला कोको म्हणतात, कुत्री दोन्हीला येते.

पुढे काकांना परत काही दिवस ॲडमिट व्हावं लागलं. राणी ताईंकडे गेली, या वेळी पट्टा चोवीस तास गळ्यात आणि घरात शाल. काही गडबड झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट चिपची नाहीच. ताईंनी "सापडली" पोस्ट टाकली तेव्हा भाच्याची "हरवली" पोस्ट चालू होती. एकाच वेळी, काही किलोमीटरच्या अंतरात, दोन वेगळ्या एरियांच्या ग्रुपवर. भाचा त्याच्या बाजूला शोधत होता, ताई त्यांच्या बाजूला विचारत होत्या. पळालेलं कुत्रं एरियाची हद्द बघत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शेजारच्या चार-पाच भागांत, आणि तिथल्या क्लिनिक-शेल्टरमध्ये स्वतः जाऊन फोटो द्यायला हवा होता. फोनवर "ब्राउन कलरचं फिमेल" सांगून कोणाला काही कळत नाही.

ताईंनी फोटोत कानाची चीरही दाखवली होती. सापडलेल्या जनावराची एक तरी खूण लपवून ठेवावी, म्हणजे दावा करणाऱ्याला विचारायला काहीतरी उरतं. आणि पहिल्या स्कॅनमध्ये काही आलं नाही तर महिनाभरात दुसरीकडे परत करावं. चिप असेल तर आजच नोंद उघडून बघा, दुसऱ्या माणसाचा नंबर त्यात टाका, शक्यतो वेगळ्या घरातल्या. राणीच्या नोंदीत आता काका, ताई आणि भाचा असे तिघं आहेत.

आमच्यातले दोघं-तिघं अजूनही म्हणतात की ती ताईंकडेच राहायला हवी होती, आणि काकांच्या तब्येतीकडे बघता वर्ष-दोन वर्षांत तिला तिकडे जावंच लागेल, मग मधली ओढाताण कशाला. जावं लागेल हे काकांनाही माहीत आहे, कागदावर त्यांनीच तसं लिहून दिलंय. माझं म्हणणं एवढंच की ते वर्ष-दोन वर्ष काकांचं आहे. यावर आमचं एकमत झालेलं नाही.